अल्फा-गॅल ॲलर्जी असताना पाकिटबंद गोड पदार्थ कसे पारखावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एका कुटुंबात पतीला उन्हाळ्यात अंगणातले गवत काढताना गोचीड चावली. पुढच्या काही महिन्यांत दोन-तीनदा मध्यरात्री त्यांच्या अंगभर गांधी उठल्या. घरच्यांनी आधी ते पित्त समजून सोडून दिले, आणि अखेर रक्ततपासणीत अल्फा-गॅल ॲलर्जी, म्हणजे सस्तन प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नाची ॲलर्जी, निघाली. डॉक्टरांनी गाय, डुक्कर, मेंढी, बकरी यांचे मांस बंद करायला सांगितले. कुटुंब शाकाहारी आहे, अंडी तेवढी चालतात. पत्नी विचारतात की मांस आमच्याकडे येतच नाही, मग हा त्रास कशामुळे होत होता? मुलांनी हॅलोवीनला गोळा केलेला खाऊ, दिवाळीत भारतीय दुकानातून आणलेली मिठाई आणि पुण्याहून सासूबाई घेऊन येतात त्या वस्तू, यांपैकी कशाला हात लावायचा नाही, हे पाकीट पाहून कसे ठरवायचे?

ॲलर्जीच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना शाकाहारी घरांतून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. शाकाहारी माणसाला पाकीट वाचायची सवय असतेच, पण ती सवय वेगळ्या प्रश्नासाठी लागलेली असते. आजवर आपण ‘यात मांसाहारी काही आहे का’ एवढेच पाहत आलो. या ॲलर्जीत पाहायचे ते हे, की अमुक घटक सस्तन प्राण्याच्या शरीरातून आला आहे का. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा जुळतात, पण सगळीकडे जुळत नाहीत, आणि घोटाळा होतो तो न जुळणाऱ्या ठिकाणीच. अंडे, माशांपासून काढलेले जिलेटिन (पदार्थ घट्ट करणारे प्रथिन), लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक, कोशिनील किड्यापासून मिळणारा लाल रंग कारमाइन, यांतले बरेचसे शाकाहारी माणूस नाकारेल, पण अल्फा-गॅलच्या दृष्टीने त्यांत काही धोका नाही. उलट साजूक तूप, खवा, मलई हे नैवेद्याला चालणारे पदार्थ सस्तन प्राण्याचेच आहेत, आणि काही रुग्णांना ते बाधतात.

अल्फा-गॅल ही एक साखर आहे. माणूस, वानर आणि आफ्रिका व आशियातील माकडे वगळता बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती प्रथिनांना आणि चरबीला जोडलेली असते. कोंबडी, बदक, मासे, कोळंबी यांच्यात ती नसते. अमेरिकेच्या आग्नेय भागात जी लोन स्टार नावाची गोचीड आढळते, जिच्या मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो, ती चावल्यावर काही जणांच्या रक्तात या साखरेविरुद्ध आयजीई नावाची, ॲलर्जी घडवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. व्हर्जिनिया विद्यापीठातील थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ ते २०११ च्या दरम्यान हा संबंध उलगडला. ऑस्ट्रेलियात शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी त्याच सुमारास तिथल्या गोचिडीबाबत तसेच निरीक्षण नोंदवले. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत २०१० नंतर साडेचार लाखांपर्यंत लोकांना याची बाधा झालेली असू शकते. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १,५०० वैद्यकीय व्यावसायिकांपैकी ४२ टक्के जणांना हा आजारच ठाऊक नव्हता. तेव्हा घरच्यांनी पित्त समजून सोडून दिले यात नवल काही नाही.

या ॲलर्जीचा त्रास खाल्ल्यानंतर साधारण दोन ते सहा तासांनी सुरू होतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस शेंगदाणा खाताच सावध होतो. इथे मात्र संध्याकाळी सातला मुलांबरोबर खाल्लेले मार्शमेलो आणि रात्री साडेबाराला उठलेल्या गांधी यांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही, आणि संशय जातो तो रात्रीच्या जेवणातल्या वांग्यावर किंवा नव्या साबणावर. शिवाय तोच पदार्थ प्रत्येक वेळी बाधेल असेही नसते. किती खाल्ले, त्यात चरबी किती होती, सोबत मद्य घेतले होते का, नंतर व्यायाम केला का, आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेतली होती का, यांवर ते बदलते. म्हणून ‘मागच्या खेपेला खाल्ले तेव्हा काही झाले नाही’ हा पुरावा मी कधी धरत नाही.

आता पाकीट. अमेरिकेच्या कायद्यात ठळकपणे जाहीर करावी लागणारी ॲलर्जीकारक अन्ने नऊ आहेत : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, बदाम-काजूंसारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि २०२३ च्या जानेवारीपासून तीळ. सस्तन प्राण्यांपासून आलेले घटक या यादीत नाहीत. याचा व्यवहारातला अर्थ असा, की यादीच्या खाली जाड अक्षरांत छापलेल्या ‘कंटेन्स’ या ओळीकडून तुम्हाला दुधाखेरीज काही कळणार नाही. तिथे फक्त ‘सोया’ लिहिलेले असेल आणि वर यादीत जिलेटिन असेल, तर ते पाकीट कायद्याने अगदी बरोबर आहे. घाईत असलेला माणूस नेमकी ती शेवटची ओळच वाचतो. ‘अमुकचे अंश असू शकतात’ ही सूचना तर ऐच्छिक असते आणि तीही सहसा त्या नऊ अन्नांपुरतीच, त्यामुळे शेजारच्या यंत्रावर डुकराचे जिलेटिन वापरले जाते ही माहिती तुम्हाला कोणी आपण होऊन देत नाही.

म्हणून यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. एक नेहमीचे गमीचे (मऊ, चिवट गोळ्यांचे) पाकीट हातात घेऊ. कॉर्न सिरप, साखर, जिलेटिन, डेक्स्ट्रोज, सायट्रिक ॲसिड, मक्याचा स्टार्च, नैसर्गिक आणि कृत्रिम स्वाद, पामतेल, कार्नोबा वॅक्स, मधमाश्यांचे मेण, रंग : यादी साधारण अशी असते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, आणि इथे जिलेटिन तिसऱ्या क्रमांकावर आहे. अशा गमीत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के असते. म्हणजे टीव्ही पाहताना कोणी १०० ग्रॅमचे पाकीट संपवले, तर पाच ते दहा ग्रॅम जिलेटिन पोटात गेले. कातडी आणि हाडांतून काढलेल्या प्रथिनासाठी ही मात्रा लहान नव्हे. अल्फा-गॅल असलेल्या रुग्णाला जिलेटिनयुक्त गोळ्यांमुळे तीव्र ॲलर्जी आल्याचा वृत्तान्त २०१३ मध्ये वैद्यकीय साहित्यात प्रसिद्ध झालेला आहे. यादीतल्या बाकीच्या गोष्टींत काळजीचे काही नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे मेण आहे, मधमाशी कीटक आहे, डेक्स्ट्रोज मक्यापासून येते. एका पाकिटात एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या शब्दात आहे.

मात्र ते जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हे अमेरिकी पाकिटावर लिहिण्याचे बंधन नाही. बाजारातले बहुतांश जिलेटिन डुकराच्या कातडीपासून आणि गुरांच्या कातडी-हाडांपासून बनते. तेव्हा नुसते ‘जिलेटिन’ असे लिहिलेले असेल तर ते सस्तन प्राण्याचेच समजावे. माशाचे असेल तर मासा नऊ अन्नांत मोडत असल्यामुळे ते माशाच्या नावासकट लिहावे लागते, आणि लिहिलेले नसेल तर ते माशाचे नाही, असा सरळ निष्कर्ष काढता येतो.

गमी आणि मार्शमेलोमध्ये जिलेटिन असते हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. फसगत होते ती इतरत्र. हॅलोवीनच्या दिवसांत वाटतात त्या तीन रंगांच्या कॅंडी कॉर्नमध्ये ते बहुधा असते. दातांना चिकटणाऱ्या फळांच्या चघळण्याच्या गोळ्यांत, तोंडाला सुवास आणणाऱ्या काही पुदिन्याच्या वड्यांत, काही नूगात, सकाळच्या न्याहारीच्या रंगीबेरंगी सीरिअलमधल्या छोट्या मार्शमेलोंत, साखरेचा थर दिलेल्या टोस्टरमध्ये गरम करायच्या पेस्ट्रीत, आणि जीवनसत्त्वांच्या गमींत ते आढळते. जीवनसत्त्वांची गमी तर औषध म्हणून रोज घेतली जाते, म्हणून तिची चौकशी मी सगळ्यात आधी करते. पेक्टिन, अगर, गम अरेबिक, सुधारित स्टार्च या वनस्पतिजन्य पदार्थांनी घट्ट केलेल्या गमी मिळतात आणि त्या चालतात, पण यादीत पेक्टिन दिसले म्हणून वाचन थांबवू नये, कारण काही उत्पादनांत पेक्टिन आणि जिलेटिन दोन्ही घातलेले असतात.

मराठी घरात एक खास जागा आहे, तिचा उल्लेख केलाच पाहिजे. अमेरिकेत श्रीखंड किंवा आम्रखंड घरी करताना विकतचे दही, ग्रीक योगर्ट किंवा सावर क्रीम वापरले जाते. कमी स्निग्धांशाच्या काही दह्यांत आणि सावर क्रीममध्ये घट्टपणासाठी जिलेटिन घातलेले असते. चक्का छान बसतो तो त्यामुळेच! घरात केलेला पदार्थ म्हणून कोणी त्याचा संशय घेत नाही. ज्या दह्याच्या डब्यावर फक्त दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढेच लिहिलेले असेल, ते घ्यावे.

आणखी एक गोष्ट देशागणिक बदलते. स्टारबर्स्ट या फळांच्या गोळ्यांत अमेरिकेत जिलेटिन असते, ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच नावाच्या गोळ्यांत नसते. लंडनच्या आत्याने आणलेले पाकीट चालले म्हणून इथले चालेल असे नाही. एकाच देशातही सणासाठी वेगळ्या आकारात काढलेली, किंवा वाटण्यासाठी लहान तुकड्यांत काढलेली आवृत्ती कधी वेगळ्या कारखान्यात आणि वेगळ्या कृतीने बनते, म्हणून प्रत्येक आकाराचे पाकीट स्वतंत्र वाचावे. हॅलोवीनच्या लहान तुकड्यांवर पुष्कळदा यादीच नसते, ती मूळ मोठ्या पिशवीवर असते. ज्याची यादी सापडत नाही ते मुलांना द्यावे, पतीने खाऊ नये. मुलांना ॲलर्जी नाही, त्यांचा आनंद हिरावण्याचे काही कारण नाही. शाकाहाराच्या दृष्टीने त्यांनी काय खावे हा तुमच्या घरचा निर्णय आहे.

जनावराच्या चरबीबाबत कायदा त्या मानाने मेहेरबान आहे. तेल किंवा चरबी वापरली असेल तर ती कोणाची हे नावानिशी सांगावे लागते, त्यामुळे गुरांची चरबी ‘बीफ टॅलो’ म्हणून आणि डुकराची ‘लार्ड’ म्हणून यादीत उघड दिसते. मेक्सिकन बिस्किटे व गोड पाव, काही पायची तळे, आणि ब्रिटिश पद्धतीच्या मिन्समीट या सुक्या फळांच्या गोड सारणातली ‘स्यूएट’ नावाची चरबी, या तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. चॉकलेट आणि कॅंडीत हे क्वचितच भेटते.

दुधाचा प्रश्न मात्र सर्वांत नाजूक आहे, आणि मराठी घरात तोच सर्वांत मोठा आहे. अल्फा-गॅल असलेल्या बहुतेक रुग्णांना दूध आणि दुधाचे पदार्थ सोसतात. म्हणून निदान झाल्याबरोबर घरातले दूध, दही, ताक, तूप सगळे बंद करण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही. विनाकारण ताटातले निम्मे अन्न गेले तर माणूस खंगतो, आणि शाकाहारी माणसाच्या बाबतीत तर प्रथिने व कॅल्शियमचा मुख्य आधारच जातो. परंतु मांस खात नसलेल्या माणसाला वारंवार त्रास होत असेल, तर जिलेटिनच्या खालोखाल संशय दुधाच्या स्निग्धांशावरच घ्यावा लागतो. पातळ ताक सोसते आणि आइस्क्रीम सोसत नाही, अशी माणसे आम्ही पाहतो. चरबी जितकी जास्त तितका त्रास अधिक, असे सर्वसाधारणपणे दिसते. अल्फा-गॅल चरबीला जोडलेली असते आणि चरबी पचून रक्तात उतरायला काही तास लागतात, हे त्रास उशिरा होण्याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे.

या बाबतीत घरोघरी जी समजूत असते तिला छेद देणे भाग आहे. दुधाची साधी ॲलर्जी असलेल्या काही जणांना शुद्ध तूप चालते, कारण त्यात दुधाचे प्रथिन जवळजवळ उरत नाही. तोच तर्क अल्फा-गॅलला लावून लोक तूप निर्धोक मानतात. तो इथे लागू पडत नाही. इथला शत्रू प्रथिन नाही, साखर आहे, आणि ती चरबीवरही बसलेली असते. त्याचप्रमाणे लॅक्टोज-फ्री दूध, ए-टू दूध, शेळीचे किंवा म्हशीचे दूध यांपैकी कशानेही फरक पडत नाही. लॅक्टोज ही वेगळी साखर आहे, आणि गाय, म्हैस, शेळी तिघीही सस्तन प्राणीच आहेत.

तेव्हा तुमच्या पतींच्या बाबतीत पहिले काही आठवडे असे करावे. जिलेटिन पूर्ण बंद. दूध-दही नेहमीसारखे, पण पेढे, बर्फी, बासुंदी, रबडी, आइस्क्रीम, क्रीम भरलेली चॉकलेटे आणि तुपात तळलेली मिठाई थांबवावी, आणि काय खाल्ले व किती वाजता, याची वही ठेवावी. त्रास पूर्ण थांबला, तर डॉक्टरांशी बोलून स्निग्ध पदार्थ एकेक करून परत आणता येतात. त्रास चालूच राहिला, तर दूधही थांबवण्याचा विचार करावा लागेल, आणि तेव्हा चॉकलेटच्या पाकिटावर मिल्क फॅट, बटर ऑइल, व्हे, केसिन, क्रीम हे शब्दही शोधावे लागतील. इथे तरी ‘कंटेन्स’ची ओळ उपयोगी पडते, कारण दूध नऊ अन्नांत आहे. याआधी ज्यांचा श्वास अडकला आहे, घसा सुजला आहे किंवा शुद्ध हरपली आहे, त्यांनी मात्र घरी काहीही परत आणून पाहू नये. ते काम दवाखान्यातच व्हावे.

मिठाईच्या निमित्ताने आणखी एका घटकाकडे लक्ष वेधते. कॅराजीनन हे लाल समुद्री शेवाळापासून काढतात, म्हणजे ते पूर्ण वनस्पतिजन्य समजले जाते आणि व्हेगन पदार्थांतही चालते. पण त्याच्या रचनेत अल्फा-गॅलशी साधर्म्य असलेला भाग आहे आणि काही रुग्णांना त्याने त्रास होतो. अमेरिकेत बासुंदीसाठी जे डब्यातले आटवलेले दूध वापरतात त्यात ते सर्रास असते. क्रीमच्या डब्यांत, चॉकलेट दुधात, पुडिंगमध्येही सापडते. भारतीय पाकिटावर ते ४०७ या क्रमांकाने लिहिलेले असेल. जिलेटिन आणि स्निग्ध दूध दोन्ही थांबवूनही त्रास होत असेल, तर पुढे याचा शोध घ्यावा. पहिल्याच दिवशी याच्या मागे लागू नये.

आता ज्या घटकांच्या नावांनी लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि ज्यांच्यापायी सर्वांत कमी रुग्णांना प्रत्यक्ष त्रास होतो, त्यांच्याकडे येते. मोनो- आणि डायग्लिसराइड्स (भारतीय पाकिटावर ४७१), ग्लिसरीन (४२२), स्टिअरिक ॲसिड (५७०) आणि दाबून बनवलेल्या गोळ्यांत असणारे मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम स्टिअरेट, हे पदार्थ सोयाबीन वा पामतेलापासून बनतात तसे जनावराच्या चरबीपासूनही बनू शकतात, आणि नावावरून उगम कळत नाही. पण ते बरेच शुद्ध केलेले असतात आणि मिठाईत अगदी थोडे असतात. बहुसंख्य रुग्णांना यांचा उपद्रव होत नाही. ज्यांची प्रकृती फारच संवेदनशील आहे त्यांनी उत्पादकाला विचारून घ्यावे. इतरांनी यादीत ग्लिसरीन दिसले म्हणून पाकीट फेकून देऊ नये. साखरेचेही तसेच. अमेरिकेतील काही कारखाने उसाची साखर पांढरी करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात. तो गाळणीसारखा असतो, साखरेत मिसळत नाही, आणि अतिशय तापवलेला असल्यामुळे त्यात ॲलर्जी आणणारे काही शिल्लक राहत नाही. शाकाहाराच्या तत्त्वाने कोणाला ते खटकले तर सेंद्रिय किंवा बिटाची साखर घ्यावी, पण ॲलर्जीसाठी त्याची गरज सहसा पडत नाही. ‘नॅचरल फ्लेवर्स’ या दोन शब्दांत कायद्याने मांस आणि दुधापासून काढलेले स्वादही बसतात हे खरे. तरी गोड पदार्थांत ते बहुधा फळे, व्हॅनिला, पुदिना यांचेच असतात. व्हॅनिलाच्या स्वादात बीव्हरच्या ग्रंथींचा अर्क असतो, ही इंटरनेटवरची सनसनाटी बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली असेलच. तो अर्क इतका महाग आणि दुर्मिळ आहे की साध्या कॅंडीत तो घालणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही.

पाकिटावरच्या चिन्हांचा उपयोग होतो, पण प्रत्येक चिन्हाची मर्यादा ओळखून. भारतात बनलेल्या पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन, टॅलो, लार्ड नसावे असा कायदा आहे, आणि ही फारच मोठी सोय आहे. अमेरिकी पाकिटावर असे सक्तीचे काही नाही. मात्र हिरव्या ठिपक्याच्या व्याख्येत दूध व दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक चालतात, म्हणजे तुपात निथळणाऱ्या मैसूरपाकावरही तो असतो. परदेशी दुकानातल्या भारतीय पाकिटांवर आयातदार कधीकधी आपले लेबल मूळ यादीवरच चिकटवतात. ते अलगद उचकटून खालची यादी पाहावी. २०२२ पासून भारतात व्हेगन पदार्थांसाठी पानासह हिरव्या ‘व्ही’चे वेगळे चिन्ह आले आहे, आणि ते असेल तर दुधाचाही प्रश्न मिटतो. अमेरिकेत ‘व्हेगन’ या शब्दाची कायदेशीर व्याख्या नाही, तरीही तो शब्द असलेल्या पाकिटापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

हलाल आणि कोशर (ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारे) या चिन्हांवर मात्र विसंबू नये. या ॲलर्जीपुरता हलालचा अर्थ डुकराचे नाही, एवढाच. ते जिलेटिन बहुधा गुरांचे असते, आणि अल्फा-गॅलला गाय आणि डुक्कर यांत भेद नाही. कोशरचे थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘पारेव्ह’ म्हणजे मांस नाही आणि दूधही नाही असे लोक धरून चालतात, पण धर्मशास्त्रीय पद्धतीने कापलेल्या गुरांच्या कातड्यापासून काढलेले जिलेटिन काही प्रमाणन संस्था पारेव्ह मानतात, आणि दुसरीकडे तेच चिन्ह माशाच्या जिलेटिनवरही असते. चिन्ह पारेव्ह असो वा नसो, यादीत जिलेटिन असेल तर पुढे चौकशी करायचीच.

चौकशी कशी करायची, यावर बरेच अवलंबून असते. कंपनीच्या ग्राहक विभागाला ‘यात मांस आहे का’ असे विचारले तर ‘नाही’ असेच उत्तर येईल, आणि ते खरेही असेल. ‘हा पदार्थ अल्फा-गॅलवाल्यांसाठी सुरक्षित आहे का’ असे विचारले तर ‘कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असे छापील उत्तर येते. त्यापेक्षा साधे, मोजके आणि लेखी विचारावे : ‘माझ्या घरात एका व्यक्तीला गाय, डुक्कर, मेंढी, बकरी अशा सस्तन प्राण्यांपासून मिळणाऱ्या घटकांची ॲलर्जी आहे. आपल्या अमुक उत्पादनातील जिलेटिन, ग्लिसरीन, मोनो- व डायग्लिसराइड्स आणि नैसर्गिक स्वाद कोणत्या प्राण्यापासून वा वनस्पतीपासून येतात? त्याच यंत्रांवर गाईचे वा डुकराचे जिलेटिन असलेली उत्पादने बनतात का?’ सोबत पाकिटावरचा बॅच क्रमांक द्यावा. ‘उगम दोन्ही प्रकारचा असू शकतो’ असे उत्तर आले तर तो प्राणिजन्य धरावा. यंत्रांचा प्रश्न गमीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी गमी मक्याच्या स्टार्चमध्ये उमटवलेल्या साच्यांत ओततात आणि तोच स्टार्च चाळून, वाळवून पुन्हापुन्हा वापरतात. एकाच कारखान्यात पेक्टिनची आणि जिलेटिनची गमी होत असेल, तर अंश एकमेकांत जाण्याची शक्यता राहते. अतिसंवेदनशील रुग्णाने फक्त जिलेटिनविरहित कारखान्यातली गमी घ्यावी. इतरांना एवढ्याने सहसा काही होत नाही.

राहता राहिला पुण्याहून येणारा खाऊ. शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, तिळाच्या वड्या, संक्रांतीचा काटेरी हलवा, आंबापोळी, फणसपोळी, आवळ्याची कॅंडी, खजूर आणि साध्या कडक गोळ्या, यांत मुळात सस्तन प्राण्याचे काही लागत नाही. चिक्कीत आणि तिळाच्या वड्यांत मात्र चकाकी आणि चवीसाठी तूप वा लोणी घातलेले आढळते, तेवढे पाहून घ्यावे. गोव्याचे दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ यांचे असल्याने पारंपरिक कृतीचे असेल तर चालेल, पण बेबिंकात तूप असते. श्रूजबेरी बिस्किटे लोण्याची, नानकटाई तुपाची वा वनस्पती तुपाची. वनस्पती तूप नाव सोडले तर तेलच आहे, आणि या एका रुग्णाच्या बाबतीत ते साजूक तुपापेक्षा बरे, असे आहारतज्ज्ञाला लिहावे लागते! सोनपापडीच्या पाकिटावर ‘शुद्ध तुपातील’ असे अभिमानाने छापलेले असेल तर ती बाजूला ठेवावी आणि पामतेलाची किंवा वनस्पतीची घ्यावी. काजूकतलीत काजू आणि साखर हेच मुख्य असते, पण तुपाचा हात बहुतेक हलवाई लावतात. तिच्यावरच्या चांदीच्या वर्खाविषयी विचारणा होते. तो पूर्वी जनावराच्या आतड्याच्या वा कातड्याच्या थरांत ठेवून कुटला जाई. २०१६ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली आहे. सुटी मिठाई मात्र शक्यतो आणूच नये असे सासूबाईंना सांगावे, कारण तिच्यासोबत घटकांची यादी येत नाही.

शेवटी दोन सवयी. गोड खाल्ले की त्याचे वेष्टन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टाकू नये, किंवा निदान यादी आणि बॅच क्रमांक यांचा फोनवर फोटो काढून ठेवावा. रात्री त्रास झाला तर शोध तिथूनच सुरू होतो. आणि डॉक्टरांनी तीव्र ॲलर्जीवर तातडीने द्यायचे एपिनेफ्रिनचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते रात्री उशाशी असावे, स्वयंपाकघरातल्या कपाटात नव्हे. नुसत्या गांधी उठल्या तर डॉक्टरांनी सांगितलेली ॲलर्जीची गोळी पुरेल. पण गांधींबरोबर उलट्या, पोटात असह्य कळा, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर किंवा चक्कर यांपैकी काही सुरू झाले, तर ‘पित्त असेल, सकाळपर्यंत बघू’ असे न म्हणता इंजेक्शन द्यावे आणि लगेच ९११ ला फोन करावा. नव्याने गोचीड चावली नाही तर काही रुग्णांच्या प्रतिद्रव्यांची पातळी वर्षा-दोन वर्षांत उतरते. त्यामुळे बागकामाला लांब बाह्यांचे कपडे आणि विजारीची टोके मोज्यांत खोचणे, हेही या पथ्याचाच भाग आहे. पातळी उतरल्याचे तपासणीत दिसल्यावर पेढ्याचा पहिला तुकडा कधी आणि किती, हे डॉक्टरांसमोर बसून ठरवता येईल.